वेगळी चूल, वेगळे वर्ष

आपल्याकडे राज्यपाल म्हटले की राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतला गव्हर्नर मात्र थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि राज्याचा कारभारही तोच पाहतो. म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. बहुतेक राज्ये ही निवडणूक अध्यक्षीय किंवा मध्यावधी निवडणुकीबरोबरच उरकून घेतात. पाच राज्यांनी तेवढी वेगळी चूल मांडली आहे. व्हर्जिनिया आणि न्यूजर्सीत अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्या वर्षी मतदान होते, तर केंटकी, मिसिसिपी आणि लुइझियानात आदल्या वर्षी.

राज्याच्या शाळा, रस्ते, कर यांचा विचार वॉशिंग्टनच्या गदारोळापासून दूर, शांतपणे व्हावा, असे या पद्धतीचे समर्थक सांगतात. व्हर्जिनियात मात्र नेमके उलटे घडते. १९७७ पासून २००९ पर्यंत तिथल्या प्रत्येक निवडणुकीत अध्यक्षांच्या पक्षाचा उमेदवार पडला. २०१३ साली टेरी मॅकऑलिफ यांनी ही परंपरा मोडली; पुढे २०१७, २०२१ आणि २०२५ साली पहिले पाढे पंचावन्न! तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. ज्याच्या कामाचा हिशेब मागायचा तोच मैदानात नसेल, तर मतदार अध्यक्षांवरचा राग काढणारच. २०२५ साली अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर या त्या राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. त्याच दिवशी उपगव्हर्नरपदी निवडल्या गेलेल्या गझाला हाश्मी यांचा जन्म आपल्या हैदराबादचा.

केंटकीची गोष्ट निराळी. २०१९ साली तिथे शिक्षकांच्या पेन्शनचा प्रश्न पेटला होता. शिक्षकांना टाकून बोलणारे गव्हर्नर मॅट बेव्हिन सुमारे पाच हजार मतांनी हरले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी बेशियर आले. पुढच्याच वर्षी त्याच राज्याने ट्रम्प यांना भरघोस मते दिली. २०२३ साली बेशियर पुन्हा निवडून आले. हिशेब वेगळे ठेवणारा मतदार तो हाच.

पण असे मतदार किती? २०१९ साली केंटकीत दहांतले जेमतेम चार मतदार केंद्रावर गेले, अध्यक्षीय निवडणुकीच्या २०२० साली सुमारे सहा. वेगळी निवडणूक घ्यायची तर ही किंमत मोजावी लागते, आणि ती थोडकी नाही. लोकसभा व विधानसभा निवडणुका एकत्र घेण्याचे विधेयक २०२४ साली आपल्या संसदेत मांडले गेले, तेव्हा खर्चाची चर्चा पुष्कळ झाली; या हिशेबाची त्या मानाने कमीच.

केंटकीत पुढचे मतदान नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. लागोपाठ दोन मुदती झाल्यामुळे बेशियर तेव्हा उमेदवार नसतील.