पडद्यावरचा माणूस धावतो कसा?

सुट्टी लागली की लकडगंजातही घरोघरी एकच तक्रार: पोरगा मोबाईलचा गेम सोडत नाही. अम्मी-अब्बांनो, मोबाईल हिसकावण्याआधी त्याला विचारा, "बेटा, यातला माणूस धावतो कसा?"

खरे तर तो धावतच नाही. काही स्थिर चित्रे भराभर बदलतात आणि डोळा फसतो. गेममधल्या अशा चित्राला 'स्प्राइट' म्हणतात. दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' याच युक्तीने केली: काडी जराशी सरकवायची, पुढचे चित्र घ्यायचे. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओसाठी मोजकेच चौकोन होते. तोंड आणि केस नीट दिसेनात, म्हणून त्याला मिशी आणि टोपी मिळाली.

हे घरीही जमते. गणिताच्या चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चौकोन आखा. चार चित्रे रंगवा: उजवा पाय पुढे, पाय जुळलेले, डावा पुढे, पुन्हा जुळलेले. पाय जुळतात तेव्हा डोके एक चौकोन वर घ्या. मग संगणकावर 'स्क्रॅच' या मोफत प्रोग्राममध्ये ती एकामागून एक बदलायला लावा.

चार चित्रांसाठी मूल तासभर मोजते, खोडते, पुन्हा रंगवते. हिसकावलेला मोबाईल ते रडून परत मागेल. आपण चालवलेला माणूस मात्र दाखवायला धावत येईल. तेव्हा हातातले काम ठेवून बघा.