फोन ते टीव्ही: हा रस्ता सगळ्यांसाठी मोकळा हवा

घरात टीव्ही स्मार्ट, फोन त्याहून स्मार्ट, वायफाय व्यवस्थित चालू. तरी फोनमधलं चित्र टीव्हीवर काही केल्या जात नाही. ही तक्रार या स्तंभाकडे सतत येते. लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांनी मिळून मोठ्या पडद्यावर बघायचा बेत ठरतो, आजी-आजोबा चष्मा लावून समोर बसतात, आणि घरातला जाणता मुलगा अर्धा तास सेटिंगमध्ये अडकून पडतो. शेवटी फोनच हातोहाती फिरतो आणि ‘आपल्याला नाही बुवा हे जमत’ असं म्हणून विषय संपतो. मला वाटतं, हा दोष लोकांनी स्वतःकडे घेऊ नये. दोन यंत्रं एकाच खोलीत, एकाच वायफायवर असूनही एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यामागे बहुतेक वेळा कंपन्यांनी घातलेली कुंपणं असतात. ती कुठे आहेत हे कळलं की निम्मा त्रास जागीच संपतो. उरलेल्या निम्म्यासाठी ग्राहक म्हणून आपल्याला तोंड उघडावं लागेल.

आधी एक फरक नीट समजून घेऊ, कारण बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. फोनवरचं टीव्हीवर दाखवण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. पहिला कास्टिंगचा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना कोपऱ्यात एक चौकोन दिसतो. त्याच्या खालच्या डाव्या टोकाला वायफायसारख्या कमानी असतात. ती खूण दाबली की फोन टीव्हीला व्हिडिओ पाठवत नाही, फक्त त्याचा इंटरनेटवरचा पत्ता देतो. पुढे टीव्ही स्वतःच तो व्हिडिओ उतरवून घेतो आणि फोन उरतो नुसता रिमोटपुरता. म्हणून कास्ट करताना फोन आला तर खुशाल बोलता येतं, स्क्रीन बंद करता येते, बॅटरीही फारशी उतरत नाही.

दुसरा मार्ग मिररिंगचा. यात फोनच्या पडद्यावर जे दिसतं ते जसंच्या तसं टीव्हीवर उमटतं. फोन आपल्या पडद्याचं सतत चित्रीकरण करतो, ते दाबून लहान करतो आणि हवेतून टीव्हीकडे धाडतो. काम मोठं असल्यामुळे फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते आणि चित्र क्षणभर मागे राहतं. क्रिकेटचा सामना मिररिंगने बघत असाल तर भार दुप्पट होतो: सामना आधी राउटरकडून फोनकडे येतो आणि मग फोनकडून टीव्हीकडे जातो, दोन्ही वेळा हवेतूनच. चित्र अडकतं ते बहुतेकदा यामुळे. साधा नियम असा, की ॲपमध्ये कास्टची खूण असेल तर कास्टच करावं. फोटोंचं एखादं ॲप, सरकारी संकेतस्थळ, मुलांचा ऑनलाइन वर्ग अशा ठिकाणी ती खूण नसते, तिथे मिररिंगकडे वळावं.

लग्नाच्या व्हिडिओसाठी मात्र मिररिंगचीही गरज नाही. गुगल फोटोजमध्ये कास्टची सोय आहे. व्हीएलसी या मोफत आणि मुक्त स्रोत प्लेअरनेही 2018 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्रोमकास्टवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गुगलच्या छोट्या यंत्रावर, पाठवण्याची सोय दिली. फाइल तुमच्याच फोनमध्ये असेल तर व्हीएलसी ती घरच्या वायफायवरून टीव्हीला पुरवतं आणि चित्र मिररिंगपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं.

आता कास्टची खूणच दिसत नसेल तर? पहिली गोष्ट, फोन खरंच घरच्या वायफायवर आहे ना, की मोबाइल डेटावर आहे, ते बघा. दुसरी, राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क केलं असेल तर त्यावरची यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण टीव्ही आणि फोन एकाच नेटवर्कवर हवेत. काही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ नावाची सेटिंग चालू असते, तीही हाच परिणाम करते. इंटरनेट जोडून देणाऱ्या माणसाला फोन करून ती बंद करून घ्यावी. तिसरी, फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. चौथी गोष्ट आयफोनवाल्यांसाठी: 2020 साली आलेल्या आयओएस 14 पासून घरातली इतर यंत्रं शोधणारं प्रत्येक ॲप ‘लोकल नेटवर्क’ वापरण्याची परवानगी मागतं. घाईत तिला नकार दिला की त्या ॲपला घरातला टीव्ही सापडत नाही. सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात जाऊन ती पुन्हा देता येते.

चित्र दिसतंय पण अडखळतंय, असं असेल तर वायफायचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, तपासा. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून लांबपर्यंत पोहोचतो, पण तिथे गर्दी फार असते. इमारतीतल्या शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, चालू असलेला मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन. 5 गिगाहर्ट्झला जागा भरपूर आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला केला. मात्र जाड भिंतींपुढे त्याची ताकद कमी पडते. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर 5 वर जोडा. मध्ये दोन भिंती असतील तर राउटर शोकेसमधून, लोखंडी कपाटाच्या मागून बाहेर काढा आणि उंचावर ठेवा.

मिररिंग करताना खासगीपणाचं भान फार गरजेचं आहे. फोन उभा धरला की टीव्हीच्या मधोमध चित्राची एक उभी पट्टी येते आणि दोन्ही बाजूंना काळं राहतं. त्या पट्टीत मुंजीचे फोटो एकेक सरकत असतात. तेवढ्यात वरून बँकेचा मेसेज उतरतो, खात्यातली शिल्लक आणि ओटीपी यांसह, आणि तो पंचावन्न इंची पडद्यावर सगळी पाहुणेमंडळी वाचतात. म्हणून मिररिंग सुरू करण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि सूचना टीव्हीवर उमटत नाहीत ना, याची आधी एकट्याने खात्री करून घ्या. काम संपलं की जोडणी आठवणीने तोडा. आणखी एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना मुद्दाम समजावून सांगा. आपला पडदा आपल्याच टीव्हीवर दाखवणं वेगळं आणि फोनवर आलेल्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप घेऊन त्याला दाखवणं वेगळं. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच अशा प्रकारे दुरून ताबा देणाऱ्या ॲपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. बँकेतून बोलतोय असं सांगून कोणी ‘स्क्रीन शेअर करा’ म्हणालं, तर फोन तिथेच ठेवून द्यायचा.

इथवरचं सगळं आपल्या हातातलं होतं. यापुढे मात्र कुंपणं सुरू होतात.

2012 मध्ये वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने मिररिंगच्या ‘मिराकास्ट’ या पद्धतीला प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. कल्पना उत्तम होती: राउटर नसला तरी चालेल, फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी जोडले जातील, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत. त्याच वर्षी अँड्रॉइड 4.2 मध्ये ती सोय आली. 2013 मध्ये गुगलने 35 डॉलरचं क्रोमकास्ट बाजारात आणलं, आणि 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून स्वतःच्या नेक्सस फोनमधून मिराकास्ट काढून टाकलं. इतर फोन कंपन्यांनी ते आपापल्या परीने टिकवलं, पण प्रत्येकीने नाव वेगळं दिलं. सॅमसंगच्या फोनवर ते ‘स्मार्ट व्ह्यू’, एलजीच्या टीव्हीवर ‘स्क्रीन शेअर’. ॲपल तर या वाटेला गेलंच नाही. त्याचं 2010 पासूनचं स्वतःचं ‘एअरप्ले’ आहे. आयफोन मिराकास्ट ओळखत नाही. सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या टीव्हींमध्ये एअरप्ले येऊ लागलं ते 2019 पासून, आणि तेही निवडक मॉडेलमध्ये. मानकांचं म्हणाल तर एक ना धड, भाराभर चिंध्या.

‘यूट्यूब कास्ट होतं, बाकी काहीच का होत नाही?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनी मिळून ‘डायल’ नावाची एक पद्धत घडवली होती. तिच्यामुळे फोनला टीव्हीवरचं तेच ॲप उघडून चालू करता येतं. ही पद्धत अनेक कंपन्यांच्या टीव्हींमध्ये आहे, त्यामुळे ज्या टीव्हीत क्रोमकास्ट नाही त्यावरही यूट्यूबची खूण दिसते. पण ज्या ॲपने ही वाट धरली नाही, त्याला तो टीव्ही दिसत नाही. बिघाड कुठेच नसतो. दोन कंपन्यांमध्ये करार नसतो, इतकंच.

आणि दिलेली सोय उद्या राहील, याचीही हमी नाही. नेटफ्लिक्सने 2019 मध्ये एअरप्लेचा आधार काढून घेतला आणि 2025 च्या अखेरीस बहुतेक नव्या टीव्हींवर फोनवरून कास्ट करणंही थांबवलं. टीव्हीचा रिमोट वापरा, असं ग्राहकांना सांगण्यात आलं. ज्या कंपनीने ही वाट पाडायला हात लावला, तिनेच ती बंद केली. मिररिंग केलं तर अशा ॲपचा पडदा टीव्हीवर अनेकदा काळा पडतो आणि आवाज तेवढा येतो, कारण चोरी रोखण्यासाठी त्या चित्रावर कुलूप असतं. चित्रपटाची नक्कल होऊ नये हे मला मान्य आहे. पण महिन्याचे पैसे भरणाऱ्या कुटुंबाने आपल्याच दिवाणखान्यात, आपल्याच टीव्हीवर बघणं म्हणजे चोरी नव्हे.

मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रं जगभर अचानक ठप्प झाली. यंत्रं धडधाकट होती. त्यांची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती आली, पण तोपर्यंत लोकांनी विकत घेतलेली वस्तू त्यांच्याच घरात निकामी होऊन पडली होती. आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली किती दूर कोणाच्या तरी हातात असते, हे यातून लख्ख दिसलं.

हे बदलता येतं, आणि त्याचा दाखला आपल्या खिशात आहे. एकेकाळी प्रत्येक फोनचा चार्जर वेगळा होता. युरोपीय संघाने कायदा केला, 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं, आणि ॲपललाही 2023 च्या आयफोनपासून तेच पोर्ट द्यावं लागलं. भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीसाठी मानक ठरवून दिलं आहे. मार्च 2025 मध्ये युरोपीय आयोगाने ॲपलला आणखी काही सोयी इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठी खुल्या करायला सांगितल्या. त्यात फोनवरून दुसऱ्या पडद्यावर कास्ट करणं हाही एक मुद्दा आहे. ॲपलने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. म्हणजे लढाई खरी आहे आणि ती चालू आहे.

भारतात अशा मागणीचा सूर मला ऐकू येत नाही, याची खंत वाटते. आपल्याकडे एकाच घरात चार कंपन्यांचे फोन असतात, आणि टीव्ही एकच असतो, तोही सात-आठ वर्षं तरी बदलायचा नाही या हिशेबाने घेतलेला. कुंपणांचा फटका सर्वांत जास्त बसतो तो अशाच घरांना. माझ्या मागण्या दोनच आहेत. टीव्हीच्या खोक्यावर वीजबचतीचे तारे जसे ठळक दिसतात, तसंच हा टीव्ही कोणकोणत्या पद्धतीने कोणत्या फोनशी जोडला जाईल आणि ती सोय किती वर्षं चालू ठेवू, हे कंपनीने ठळक छापावं. आणि मानक ब्युरोने किमान एक सामाईक पद्धत ठरवावी, जी भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्ट टीव्हीत आणि स्मार्टफोनमध्ये असेल.

तोवर खरेदीला जाताना घरातले सगळे फोन सोबत न्या. ‘सगळं चालतं साहेब’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. दुकानातल्याच टीव्हीवर, आपल्याच फोनवरून, एक यूट्यूबचा व्हिडिओ आणि एक फोनमधला व्हिडिओ लावून दाखवायला सांगा. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात मिराकास्ट, गुगल कास्ट (क्रोमकास्टची पद्धत), एअरप्ले यांपैकी काय काय लिहिलंय ते जपून ठेवा. लिहिलेली सोय घरी चालली नाही, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. अशा तक्रारींचा ढीग साचल्याशिवाय ना कंपन्या हलतील, ना मानकं ठरवणारे.