फांशीचा खर्च कोणाच्या बोकांडीं?

खुनाची बातमी आली कीं आमच्या मंद्रूपच्या पारावर एकच निवाडा ऐकूं येतो: ‘त्या मेल्याला जन्मभर आपल्या पैशानें कां पोसावें? लटकवा, म्हणजे खर्च मिटला.’ बोलणारे कष्टकरी आहेत, पैशाची किंमत जाणतात. म्हणूनच हा हिशेब आम्ही त्यांच्यापुढें मांडतों.

दोरी स्वस्त आहे, पण दोरीपर्यंतची वाट महाग आहे. सेशन कोर्टाची फांशी हायकोर्टानें कायम केल्यावांचून देतां येत नाहीं. पुढें सुप्रीम कोर्ट, फेरविचार, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. तोंवर तुरुंगाचें पोसणें चालूच; शिवाय सरकारी वकील, आणि आरोपी गरीब असल्यास त्याचाहि वकील सरकारी खर्चानें. कोल्हापुरच्या कोर्टानें 2001 सालीं दोघी बहिणींस फांशी सांगितली. दयेच्या अर्जाच्या निकालास फार विलंब झाला, म्हणून 2022 सालीं हायकोर्टानें ती बदलून जन्मठेप दिली. वीस वर्षें दुहेरी खर्च करून शेवटीं जन्मठेपच!

मग ही वाट आंखूड करावी काय? नाशिकजवळ 2003 सालीं पेरूच्या बागेंत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला, पांच जीव गेले. भटक्या जमातींतले सहा मजूर धरले गेले. 2009 सालीं सुप्रीम कोर्टानें सहाहि जणांस फांशी सांगितली, आणि मार्च 2019 मध्यें त्याच कोर्टानें सहाहि जणांस निर्दोष सोडलें. वांचलेल्या साक्षीदार बाईनें पोलिसांच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. वाट आंखूड असती तर हे सहा गरीब केव्हांच लटकले असते, आणि मेलेल्यांना न्याय तो नाहींच.

प्रत्येकास 5 लाख, म्हणजे एकूण 30 लाख, महाराष्ट्र सरकारनें द्यावे असा हुकूम झाला. सरकारचा पैसा म्हणजे काडेपेटीपासून खतापर्यंत आपण भरलेला कर. 2018 च्या समग्र शिक्षा योजनेंत 101 ते 250 मुलांच्या शाळेस वर्षाचें अनुदान 50 हजार धरलें आहे. त्या मापानें 30 लाखांत साठ शाळांचें वर्ष निघतें! कोर्ट-तुरुंगाचा खर्च तर वेगळाच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 3 जून 1949 रोजीं घटना समितींत फांशी रद्द करण्याचा पक्ष घेतला होता. आमचेंहि म्हणणें तेंच. गुन्हेगारास जन्मठेप द्या, मोकळा सोडूं नका. उरेल तो पैसा चोख तपासाला, मेलेल्याच्या लेकरांना आणि शाळेला लावा. पारावरच्या बंधूंनो, पुढच्या वेळीं ‘लटकवा’ म्हणण्याआधीं विचारा: खरा गुन्हेगार सांपडला काय?