आटे आणि संगणक

आमचे मेहुणे बेळगावच्या उद्यमबागेत एक लहानसे वर्कशॉप चालवितात. गेल्या महिन्यात तेथे जाण्याचा योग आला, तो नेमका खोळंब्याच्या दिवशी. भाचेबुवांनी दोन जुन्या लेथांपैकी एकावर संगणकाचे नियंत्रण बसविले होते. नुसते तासण्याचे काम तो लेथ इतक्या सफाईने करी की, वृद्ध टर्नरना (साऱ्या वर्कशॉपचे ते मामाच!) दिवाळीनंतर निरोप द्यावयाचे जवळजवळ ठरले होते. परंतु दोनशे बोल्टांवर आटे पाडावयाचे काम आले आणि पहिले चाळीस नग वाया गेले. नट थोडा चढे आणि अडकून बसे.

असे का व्हावे? आम्ही चहा घेता घेता हिशेब मांडला. दोन आट्यांमधील अंतर, म्हणजे कारागिरांची पिच, दीड मिलिमीटर हवी. चक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर हत्याराने मिनिटाला ९०० मिलिमीटर सरकावयास हवे. संगणकाने कट सुरू होण्यापूर्वी चकाचा वेग मोजला आणि ९०० चा हुकूम सोडला. हत्यार पोलादात शिरताच चक मंदावला. समजा, ५७० वर आला. हत्यार मात्र ठरल्या वेगानेच धावत राहिले. पिच झाली १.५८. दहा आट्यांत पाऊण मिलिमीटरहून अधिक चूक!

जुन्या लेथमध्ये चक आणि लीडस्क्रू दातेरी चाकांनी एकमेकांस बांधलेले असतात. एक मंदावला की दुसराही तितकाच मंदावतो. मामा एवढेच म्हणाले, "लेथाला घड्याळ कळत न्हाई साहेब, चाक कळतंय."

भाचेबुवांच्या संगणकाला चकाकडून फेऱ्यामागे एकच खूण मिळत होती. लिनक्ससीएनसीसारखी प्रणाली हत्याराला चकाच्या मागोमाग चालविते खरी; पण त्यासाठी एका फेऱ्याचे शेकडो भाग मोजणारा एन्कोडर चकाला जोडावा लागतो. तो जोडला तरी हत्यार क्षणात वेग घेऊ शकत नाही. त्याला काही मिलिमीटर अलीकडून धाव घ्यावी लागते.

एन्कोडर मागविला आहे. तोवर तासणे नव्या यंत्रावर आणि आटे मामांच्या लेथवर, अशी वाटणी झाली आहे. दिवाळीनंतरचा विषय मेहुण्यांनी आमच्यासमोर तरी पुन्हा काढला नाही.