गर्विष्ठ आहे, म्हणून नायक नाही?

होमरच्या 'इलियड'चा विषय निघाला की अकिलीसवरचे आरोप ठरलेले असतात. एका बाईवरून रुसला, युद्ध सोडून तंबूत जाऊन बसला, आपलीच माणसे मरू दिली, जिवलग मित्र गमावला आणि मग सूडापायी शत्रूचे प्रेत रथाला बांधून फरफटवले. असला अहंमन्य माणूस नायक कसला? खरा नायक ट्रॉयचा हेक्टर : बायकामुलांचा, आपल्या नगरासाठी लढणारा. प्लेटोलाही अकिलीस खटकलाच होता. 'रिपब्लिक'मध्ये तो असल्या कथा तरुणांच्या कानी पडू नयेत असे म्हणतो. पूर्वपक्ष दुबळा नाही, त्यातली निम्मी कलमे मलाही मान्य आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

आधी तो 'रुसवा' पाहू. ग्रीकांचा राजा आणि सरसेनापती अगामेम्नॉन याने अपोलोच्या पुजाऱ्याची मुलगी परत द्यायचे नाकारले, म्हणून ग्रीक छावणीत साथ पसरली. नऊ दिवस चिता पेटत राहिल्या, सरसेनापती ढिम्म. दहाव्या दिवशी सभा बोलावतो तो अकिलीस. राजाच्या धाकाने खरे बोलायला कचरणाऱ्या भविष्यवेत्त्या काल्खसला अभय देतो तोही अकिलीसच. याची शिक्षा म्हणून त्याला लुटीत मिळालेली ब्रिसेइस हिरावून घ्यायचे भर सभेत जाहीर होते आणि तिला नेलेही जाते. (तिला कोणीच विचारले नाही, तिच्या नवऱ्याला तर अकिलीसनेच मारले होते. त्या जगाचे हे काळे अंग झाकण्यात अर्थ नाही.) भांडणाचे मूळ सत्तेपुढे तोंड उघडण्यात आहे, बाईत नव्हे.

पुढे अगामेम्नॉन नमते घेतो आणि सोने, घोडे, सात नगरे, शिवाय स्वतःची मुलगी देऊ करतो. राजाचा दूत म्हणून आलेला ओडिसियस ती यादी घडाघडा म्हणून दाखवतो, पण अकिलीसने माझ्यापुढे मान तुकवावी, ही राजाची शेवटची अट शिताफीने गाळतो. अकिलीस नकार देतो. मागे राहणाऱ्याला आणि पुढे घुसणाऱ्याला सारखाच मान मिळणार असेल तर मरायचे कशासाठी, हा त्याचा सवाल आहे. लढलो तर कीर्ती आणि अल्पायुष्य, घरी गेलो तर दीर्घायुष्य, हे त्याला आईकडून ठाऊक आहे. गर्व नसता तर त्याने मुकाट्याने सौदा पटवला असता, आणि हा सवाल साऱ्या महाकाव्यात कोणीच विचारला नसता.

सर्वांत जड आरोप वेगळाच आहे. आपली किंमत कळावी म्हणून ग्रीकांचा पाडाव व्हावा, असे तो आईकरवी झ्यूसकडे मागतो. हे अक्षम्य आहे. पण जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून पडल्यावर तो काय करतो ते पाहा. ना मित्राच्या, ना सोबत्यांच्या कामी आलो, जहाजांपाशी बसून भुईला भार झालो, असे तो स्वतःच म्हणतो. हेक्टरला मारले की पाठोपाठ आपलाही मृत्यू आहे हे आईच्या तोंडून ऐकूनही तो उठतो. लगेच पुढच्या, एकोणिसाव्या सर्गात अगामेम्नॉन सभेत सांगतो की दोष माझा नव्हे. झ्यूसने, नियतीने बुद्धी फिरवली. दोघेही गर्विष्ठ, दोघांमुळेही माणसे मेली. चूक अंगावर घेतली ती एकानेच.

आणि हेक्टर? तो मला प्रिय आहे, पण त्याला संत करू नका. पॅट्रोक्लसचे डोके उडवून धड कुत्र्यांना टाकायला तो निघाला होता. सैन्य तटाच्या आत घ्या, हा सोबती पॉलिडामसचा शहाणा सल्ला त्याने झिडकारला. आता लोक काय म्हणतील, या लाजेने तो वेशीबाहेर एकटा उभा राहिला. तोही गर्वच.

ट्रोजन राजपुत्र लायकाऑन गुडघे धरून जीव मागतो, त्याला अकिलीस कापून काढतो. पॅट्रोक्लसच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी देतो. याचे समर्थन मी करणार नाही, होमरही करत नाही. नायक म्हणजे कित्ता गिरवण्याजोगा सज्जन, असे मानले तर अकिलीस बादच होतो. पण आपल्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथानेही धीरोदात्त, म्हणजे उदात्त नायकाच्या पंगतीत धीरोद्धताला, म्हणजे गर्विष्ठ नायकाला, पान वाढलेच आहे. अर्थात त्या उद्धताच्या लक्षणांत कपट येते, आणि मनात एक नि ओठांवर दुसरे असणाऱ्याचा तर अकिलीसला तिटकारा आहे.

आता चोविसावा सर्ग. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री अकिलीसकडे येतो आणि मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो. अकिलीसला आपला बाप आठवतो, दोघे रडतात. तरी त्याचा संताप विझलेला नाही. प्रायम घाई करतो तसा तो डाफरतो. प्रेत नजरेआड धुवा, असे दासींना बजावतो. कारण ते पाहून बाप भडकला, तर आपला हात आवरणार नाही, हे त्याला पक्के माहीत आहे. मग स्वतःच्या हातांनी हेक्टरला उचलून तिरडीवर ठेवतो. अंत्यविधीला किती दिवस हवेत, असे विचारतो आणि मागितलेले अकरा दिवस देऊन टाकतो.

हा शब्द देताना तो सरसेनापतीला विचारत नाही. अगामेम्नॉनला पत्ता लागू नये म्हणून प्रायमला ओसरीत झोपवतो. आज्ञाधारक सैनिकाला हे जमले नसते. ज्या गर्वाने त्याने राजाच्या देणग्या लाथाडल्या, त्याच गर्वाच्या बळावर तो शत्रूला युद्धविराम देऊ शकला. या अकरा दिवसांत ट्रॉयने हेक्टरला अग्नी दिला, आणि 'इलियड' तिथेच संपते. माझ्या लेखी अकिलीस नायक आहे. तुम्हाला मान्य नसेल तर खुशाल नाकारा. फक्त बाविसाव्या सर्गातल्या रथापाशी थांबून निकाल देऊ नका, चोविसावा वाचून द्या.