आयतीं उत्तरें आणि ग्रंथालयें

अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हल्लीं एक नवें मत ऐकूं येतें. कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला प्रश्न घालावा, तें क्षणांत उत्तर देतें. मग सूची चाळण्याचा, कपाटें धुंडाळण्याचा खटाटोप कशाला? या पक्षाला डॉ. रंगनाथन् यांचा आधार घेतां येईल. त्यांनीं १९३१ सालीं मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पांच नियमांपैकीं चवथा वाचकाचा वेळ वांचविण्याचा आहे. पण पहिला नियम ग्रंथ उपयोगासाठीं आहेत असें सांगतो, हें विसरूं नये. वेळ वांचवावयाचा तो ग्रंथापर्यंत लवकर पोंचण्यासाठीं. ग्रंथ टाळण्यासाठीं नव्हे!

हें यंत्र एका शब्दामागून कोणता शब्द येणें संभवनीय, याचा अदमास बांधून वाक्यें जुळवितें. म्हणून जेथें आधार नसतो तेथेंही त्याची वाणी अडखळत नाहीं. २०२३ सालीं न्यूयॉर्कमधील दोन वकिलांकडून अशा यंत्रानें रचलेले, कधींच न झालेले निवाडे न्यायालयापुढें आले आणि ५,००० डॉलर दंड झाला. तेथें प्रतिपक्ष जागा होता; प्रबंधांत शिरलेला खोटा संदर्भ कोण पकडणार?

कांहीं यंत्रें उत्तरासोबत मूळ लेखाचा पत्ता देतात, हें खरें. पण जें आंतरजालावर गेलेंच नाहीं त्याचें काय? अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत संकलित केल्या. पंथाचें पुष्कळ वाङ्मय सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकें झांकलेलें राहिलें. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनीं पोथ्या ताडून तें उजेडांत आणलें. जी पोथी किंवा जो शेतकीचा जुना अहवाल केवळ कपाटांत आहे, त्याविषयीं यंत्र एक तर गप्प राहील, नाहीं तर ठोकून देईल. दुसरी गोष्ट अधिक भयंकर. वऱ्हाडच्या विद्यार्थ्यानें वऱ्हाडचेंच ज्ञान अशा ऐकीव वार्तेवरून घ्यावें काय?

यंत्रावर बहिष्कार घाला, असें आमचें म्हणणें नाहीं. शोधासाठीं पर्यायी शब्द सुचविण्यास, परभाषेंतील लेखाचा आशय कळण्यास तें उपयोगी पडतें. मात्र त्यानें सांगितलेला प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथांत पाहिल्यावांचून प्रबंधांत घेऊं नये, हा दंडक प्रत्येक महाविद्यालयानें पाळावा. आणि यंत्र आलें म्हणून ग्रंथपाल नको, असें म्हणणाऱ्या चालकांना सांगावेंसें वाटतें कीं, खरें-खोटें निवडून देणाऱ्या माणसाची गरज आतां दुणावली आहे.

अमरावतीच्या विद्यापीठास गाडगे बाबांचें नांव आहे. बाबा कीर्तनांत आयतीं उत्तरें वाटीत नसत. श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तर काढीत. त्यांचें नांव मिरविणाऱ्या विद्यापीठांत यंत्र बोलेल त्यावर मान डोलवावी, हें आम्हांस शोभत नाहीं.