कपाळावरून मेंदूची विचारपूस

मध्यंतरीं आमच्या पुतण्याची अपुऱ्या दिवसांची कन्या इस्पितळांत कांचेच्या पेटींत होती. तिच्या कपाळावरील पट्टी पाहून वहिनी घाबरल्या. "भावोजी, एवढ्याशा जिवाच्या डोक्यांत हा उजेड कशाला?" त्यांस सांगितलें तेंच वाचकांस सांगतों.

दिव्यावर तळहात धरला म्हणजे बोटांच्या कडा लाल दिसतात. तांबडा प्रकाश व त्यापलीकडील अदृश्य अवरक्त किरण यांस त्वचा आणि हाड पुरतें अडवूं शकत नाहींत. प्राणवायु गमावलेलें रक्त तांबडा प्रकाश अधिक शोषतें. परतणाऱ्या किरणांच्या भेदावरून प्राणवायूचें प्रमाण काढतात. ही युक्ति ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केली. बोटावरील यंत्रास नाडीचें स्पंदन लागतें, यास लागत नाहीं. म्हणून हृदय थांबवून शस्त्रक्रिया चालते तेव्हांही हें उपयोगीं पडतें. मात्र येथें मुख्यतः नीलांतील रक्त मोजलें जातें. बोटावर ९८ असतां कपाळावर ७० दिसल्यास धास्ती नको.

पण भाबडेपणाही नको. हे किरण फार खोल जात नाहींत. शिवाय १६०१ अत्यंत अकालीं जन्मलेल्या बालकांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर पहिले ७२ तास या यंत्राच्या आधारें उपचार झाले; तरी मृत्यु वा मेंदूची गंभीर इजा कमी झाल्याचें आढळलें नाहीं.

हें वहिनींस सांगावें कीं नाहीं, याचा मीं बराच विचार केला. अखेर सांगितलें. त्यांनीं क्षणभर आंकड्याकडे पाहिलें, आणि परिचारिकेस विचारून पोरीच्या पावलाला बोट लावलें.